एकाच कुकरचं जेवण

भाड्याच्या त्या बंगल्यातल्या स्वयंपाकघरात चहाचे सात चमचे होते आणि सातही वेगवेगळ्या मापांचे. सर्वांत लहान चमच्याच्या दांड्यावर वेलबुट्टी होती. तो सपाट भरला की त्यात तीन पूर्णांक आठ ग्रॅम मीठ मावायचं. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेवढंच आलं, तेव्हा तो चमचा धुऊन, पुसून मी ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, की मिठाला हाच वापरायचा.

"आई, तू इथंपण तराजू आणलास?" सई म्हणाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

"आणलाय."

"सुट्टीला कुणी तराजू आणतं का?"

तराजू पंजाएवढा होता. तो मी त्याच्या पत्र्याच्या डब्यात परत ठेवला. डब्याच्या तळाशी एक घडी घातलेला कागद होता. तो मी हलवला नाही.

उदयनच्या, माझ्या नवऱ्याच्या, दोन्ही किडन्या त्या वर्षी एप्रिलमध्ये निकामी झाल्या होत्या. दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी कराडला चार तास डायलिसिस. मधल्या दिवसांत तो जे खाईल-पिईल, ते त्याच्या रक्तातच साठून राहायचं. म्हणून दिवसाला चार ग्रॅम मीठ, मोजून पाणी, आणि भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून दिलेली. तसं केलं की भाजीतलं पोटॅशियम निघून जातं. ते रक्तात वाढलं तर हृदय थांबतं. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. मोजून जगणं मला जड गेलं नाही. जड गेलं ते दुसरंच.

डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं होतं, की याचं हृदय डायलिसिसवर फार दिवस निभावणार नाही, घरातलं कुणी किडनी देणार असेल तर वर्षाच्या आत बघा. सासूबाईंना मधुमेह. माझा रक्तगट ए, उदयनचा बी. राहिल्या कुंदाताई, उदयनची मोठी बहीण. इस्लामपूरला शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. "विचार करून सांगते," असं त्या म्हणाल्या, त्याला डिसेंबरात सहा महिने झाले होते.

कोयनेच्या जलाशयाकाठचा हा बंगला सासूबाईंनी शोधायला लावला होता. बुधवारचं डायलिसिस उरकून दुपारी निघायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत. गळीत हंगाम चालू असताना मला तीन दिवसांची रजा मिळणं कठीण होतं, पण मिळाली. "सगळी मिळून दोन दिवस राहू," सासूबाई म्हणाल्या होत्या. "कुंदालाही बोलाव. एका घरात राहिलं, एकत्र जेवलं की बोलणं होतं." बोलणं म्हणजे काय, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

बुधवारी संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले. दोन बर्नरची शेगडी, एक कुकर, एक कढई आणि काहीच न कापणारी सुरी. आधी उदयनचा दुधी उकडून पाणी ओतलं, मग त्याची बिनमिठाची डाळ, मग सगळं घासून बाकीच्यांसाठी आमटी-भात. कुंदाताई दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या.

"सुट्टीला आलो आणि तू दोन तास ओट्याशी," त्या म्हणाल्या. "एकाच कुकरमध्ये सगळ्यांचं होत नाही का गं?"

"मीठ आडवं येतं, कुंदाताई."

"बाहेरगावी कसं असावं, कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, उघडला, जेवलो."

जेवताना उदयननं आपलं ताट ताईकडे सरकवलं. "खाऊन बघ. गादीतला कापूस आहे, फक्त गरम."

"बडबडू नकोस. जेव," मी म्हणाले.

"बघितलंस ताई? हसायलासुद्धा मोजून."

कुंदाताईंनी त्याच्या ताटातला दुधीचा एक तुकडा तोंडात टाकला. तो त्यांना लवकर गिळता आला नाही. 

दुसरा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. सासूबाईंचा उपास होता. माझाही. उपासतापास करणाऱ्यांतली मी नव्हते, पण त्या वर्षी कुणी सांगेल ते करत होते. सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज कुंदाला करू दे."

"आई, मोजमाप—"

"ती गणिताची बाई आहे, तिला मोजता येत नाही होय? आपल्या हातानं भावाला जेवू घालू दे. माणसाचं मन वितळतं त्यानं. तू मधेमधे तराजू नाचवू नकोस."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मलाही ते मन वितळायला हवं होतं. तराजूचा डबा मी माझ्या बॅगेत टाकला.

"मीठ किती?" कुंदाताईंनी विचारलं.

"त्याच्या वाट्याच्या खिचडीत दीड ग्रॅम, तेही वाढताना वरून. तुम्हा दोघींचं नंतर घाला."

"बरं. तू जा आता. व्हरांड्यात बस, पाणी बघ. आठ महिने बघितलं नसशील कुठलं पाणी, त्याच्या पाण्याच्या बाटलीशिवाय."

मी व्हरांड्यात बसले. थोड्या वेळानं फोन वाजला. पुण्याचा नंबर होता. मी तो वाजू दिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला.

"कुणाचा गं?" उदयननं आतून विचारलं.

"कंपनीवाले असतात."

पंचवीस मिनिटांत कुंदाताईंनी हाक मारली. मुगाची खिचडी, त्यात दुधी. दुधी आधी उकडून पाणी ओतलं होतं, तेवढं मी सिंकमध्ये बघून घेतलं. एकच कुकर टेबलाच्या मधोमध. तिघांची ताटं, तिघांना एकाच डावानं वाढलेलं.

"हे काय? सगळ्यांना एकच?" मी विचारलं.

"एकच."

"आणि मीठ?"

"तू सांगितलंस त्याच्या बाहेर एक कणही नाही. विश्वास ठेव की जरा."

उदयननं पहिला घास घेतला आणि थांबला. मग दुसरा घेतला. "ताई, यात मीठ आहे."

"असू दे."

"नाही, म्हणजे खरंच आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं. चोरून आंबा खाताना पकडलेल्या मुलासारखा चेहरा. "आहे गं यात मीठ."

"कडू लागतंय," सई म्हणाली.

"यात कारलं नाही, मेथी नाही, कडू कुठून लागेल?" कुंदाताई म्हणाल्या. "बाहेरचं खाऊन जिभा बिघडल्यात तुमच्या. वर लिंबू पिळ."

उदयनला कडू लागलं नाही. त्याच्या तोंडात आठ महिने सतत गंजलेल्या पत्र्यासारखी चव असायची; हा आजार तसाच असतो. त्यानं पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदाही घेतलं. ताट बोटानं निपटलं. कुंदाताई त्याच्याकडे बघत होत्या आणि सासूबाई कुंदाताईंकडे. मला वाटलं, होतंय. आज संध्याकाळी नाहीतर उद्या सकाळी त्या सांगतील. उपास होता, पण एक घास चाखून बघायला काहीच हरकत नव्हती. मी चाखला नाही. त्या टेबलावर जे चाललं होतं त्याला मला धक्का लावायचा नव्हता.

संध्याकाळी कुंदाताईंनी शेवयांचा उपमा केला, तोही एकाच कढईत. सईनं दोन घास खाऊन बिस्किटं मागितली. उदयननं तिचाही उपमा संपवला. सासूबाईंनी आणि मी नैवेद्याच्या शिऱ्यावर उपास सोडला.

शुक्रवारी सकाळी पोहे होते. उदयननं त्याची बशी संपवली आणि तो तोंड धुवायला गेला. मी पहिला घास घेतला.

आधी खारट लागलं. मग जिभेच्या मागच्या बाजूला, जिथे औषधाची गोळी विरघळली की कळते तिथे, कडवटपणा पसरला आणि तो जाईना. एम.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेत काही चाखायची सक्त मनाई होती आणि आम्ही सगळ्यांनी एकदा तरी चाखलं होतं. ही चव मी ओळखत होते.

"कुंदाताई, मीठ कुठलं घातलंत?"

त्यांचा चेहरा फुलला. "पकडलीस का चोरी? परत जाताना सांगणार होते." त्यांनी पर्समधून एक पांढरी बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर लाल बदाम होता. "बिनसोडियमचं मीठ! आमच्याकडच्या मेडिकलात मिळालं. बीपीवाले घेतात म्हणे. म्हटलं, याला सोडियमच नको ना? मग हे कितीही चालेल. सगळ्यांना एकच मीठ, एकच कुकर. सुटलीस तू."

मी बाटली उलटी केली. मागं बारीक अक्षरांत घटक लिहिले होते. एकच घटक होता. पोटॅशियम क्लोराइड.

"किती घातलं?"

"खिचडीला तीन चमचे. उपम्याला दोन. आत्ता दीड."

"कुठला चमचा?"

"वेलबुट्टीचा. तूच बाजूला ठेवलास ना, मिठासाठी."

मी मनात गुणाकार केला. त्यातलं निम्म्याहून जास्त पोटॅशियम, आणि आदल्या दिवशी दोन्ही वेळा निम्म्याहून जास्त जेवण एकट्या उदयनचं. आकडा आला तो मी पुन्हा करून बघितला. पुन्हा तोच आला.

"काय झालं?" कुंदाताई म्हणाल्या. "सुनेत्रा, अगं, काय झालं?"

तेवढ्यात न्हाणीघरातून उदयननं हाक मारली. आवाज साधाच होता. "सुनेत्रा, जरा येतेस? पाय उचलत नाहीयेत."

तो बादलीशेजारच्या स्टुलावर बसला होता. मी नाडी धरली. मिनिटाला सेहेचाळीस.

गाडी मी चालवली. सासूबाई पुढे माझ्या शेजारी, मागं मधे उदयन, एका बाजूला सई, दुसऱ्या बाजूला कुंदाताई. तालुक्याचं रुग्णालय वीस किलोमीटर आणि रस्ता सगळा वळणांचा.

"कुंदाताई, त्याचं मनगट धरा. अंगठ्याच्या खाली, दोन बोटं. लागतंय?"

"लागतंय."

"घड्याळात पंधरा सेकंद बघा. किती ठोके, ते मोठ्यानं सांगा. मग पुन्हा मोजा. थांबू नका."

एक वळण गेलं. मग त्या म्हणाल्या, "अकरा."

"चव्वेचाळीस," सई म्हणाली.

"शहाणी गं माझी," उदयन म्हणाला. त्याचे शब्द जरा ओढल्यासारखे येत होते. "ताई, खिचडी मात्र झकास झाली होती हं."

"गप रे. गप बस तू." कुंदाताईंनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "अकरा."

पुढच्या वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. ट्रॉलीवाल्यानं शिवी दिली आणि गाडीच्या आत बघून बाजूला घेतली.

"दहा."

"चाळीस," सई म्हणाली. या वेळी रडत.

सासूबाई मागं वळल्या. एवढा वेळ त्या जपमाळ धरून बसल्या होत्या. "सहा महिने," त्या म्हणाल्या. "सहा महिने तुझ्या तोंडाकडे बघतोय आम्ही. एक शब्द काढला नाहीस. आणि आता हे घातलंस त्याच्या पोटात."

"आई, मला माहीत नव्हतं गं."

"आता तरी हो म्हण. तुझ्यामागं कोण आहे, कुंदा? ना नवरा, ना पोर. कुणासाठी राखून ठेवलीयस?"

आरशात मला कुंदाताई दिसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. डोळे घड्याळावरच होते.

"नऊ," त्या म्हणाल्या.

छत्तीस सईनं म्हटलं नाही. मीही नाही. सासूबाईंना गप्प करायला हवं होतं, तेही मी केलं नाही. रस्ता बघायचा होता, हे खरं. पण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. ते मी सहा महिने मनातल्या मनात म्हणत आले होते. कुंदाताईंमागं कोण आहे? फक्त माझ्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नव्हतं, म्हणून मी चांगली सून आणि चांगली भावजय होते.

तालुक्याच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होती. हृदयाचा आलेख निघाला, त्यातली टोकं तंबूंसारखी उंच उभी होती. मी तिला किती ग्रॅम, किती वाजता, शेवटचं डायलिसिस केव्हा, ते एका दमात सांगितलं. तिनं कॅल्शियमचं इंजेक्शन सावकाश दिलं, मग दुसरं एक सलाइनमधून लावलं, आणि यंत्रावरचा आकडा वर सरकेपर्यंत ती आणि मी दोघीही त्यावर डोळे लावून उभ्या होतो. चाळीस. बेचाळीस. पन्नास.

"रुग्णवाहिका देते. कराडला थेट डायलिसिसला न्या," ती म्हणाली. "अजून तासभर उशीर झाला असता तर..." ती फोन लावायला वळली. 

कराडला रक्ताचा अहवाल आला, पोटॅशियम सात पूर्णांक नऊ. साडेपाचच्या वर गेलं तरी आम्ही घाबरायचो. साडेअकराला यंत्र सुरू झालं. काचेपलीकडे उदयन डोळे मिटून पडला होता आणि त्याच्या हातातून रक्त नळीनं बाहेर जाऊन परत येत होतं. नर्स म्हणाली, आता ठीक आहे, बसा. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. सई आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

कुंदाताई उभ्याच होत्या. पोह्याची हळद अजून त्यांच्या बोटांवर होती. हात धुवायला त्यांना कुणी वेळच दिला नव्हता.

"मला ऑपरेशनची भीती वाटते," त्या काचेकडे बघत म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळलं नाही. "लहान आतड्याचं झालं होतं ना माझं, सत्ताविसाव्या वर्षी. तीन महिने एकटी होते त्या खोलीत. भूल उतरताना मला आवाज ऐकू येत होते आणि हलता येत नव्हतं. ते अजून स्वप्नात येतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एवढंच ना."

आम्ही तसंच म्हणालो असतो.

त्या वळल्या. चेहरा एकदम कोरडा होता. "पण आता तो प्रश्नच उरला नाही. जा सुनेत्रा, डॉक्टरांना सांग, मी देते. कागद आण, मी सही करते."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि हात जोडले.

सहा महिने मी या वाक्याची वाट बघत होते. आता ते समोर होतं आणि मला फक्त उठून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत चौदा-पंधरा पावलं चालायचं होतं. मी उठलेही. पर्समध्ये फोन थरथरला. मी बघितलं. सकाळपासूनचा तिसरा फोन चुकला होता आणि खाली पुण्याचा निरोप होता: ते दोघे अजून थांबले आहेत. सोमवारपर्यंत कळवा.

ते दोघे म्हणजे बार्शीकडचं एक जोडपं. नवऱ्याच्या किडन्या गेलेल्या, त्याचा रक्तगट ए. बायकोचा बी. जूनमधल्या तपासण्यांचे आमचे कागद पुण्याच्या रुग्णालयाकडे गेले होते; ऑगस्टमध्ये तिथल्या, प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या बाईंनी मला फोन करून सगळं समजावून सांगितलं होतं. तुमची किडनी त्यांना, त्या बाईंची तुमच्या यजमानांना, दोन्ही ऑपरेशनं एकाच दिवशी. मी सगळं नीट लिहून घेतलं, प्रश्न विचारले, शास्त्र शिकलेली बाई विचारेल तसे. मग कागदाची घडी घातली आणि तराजूखाली ठेवली. घरात कुणालाही सांगितलं नाही. मलाही भीतीच वाटत होती. आणि कुंदाताईंचा होकार आला, तर ती भीती कुणाला कधी दिसणारही नव्हती.

उदयनच्या कागदपत्रांसाठी निघताना उचललेली माझी बॅग बाकाखाली होती. मी वाकून तराजूचा डबा काढला. तराजू सईच्या शेजारी ठेवला, तळाचा कागद उचलला. घडीवर तो पिवळा पडला होता. तो घेऊन मी कुंदाताईंकडे वळले.

"कुठे चाललीस? तिकडे आहे खोली," सासूबाई म्हणाल्या.

"कुंदाताई, तुम्ही सही करायची नाही."

"म्हणजे?" त्या म्हणाल्या. "आता का? अगं, मी हो म्हणतेय ना!"

"तुझा गट जुळत नाही, आणि ती देतेय तर तिला अडवतेस?" सासूबाईंचा आवाज चढला. सई जागी झाली.

मी कागद उलगडला. तो कुंदाताईंच्या हळद लागलेल्या हातात दिला, म्हणजे मला परत घडी घालता येणार नाही.

"आई, गट जुळत नसला तरी देता येते," मी म्हणाले. "मला ऑगस्टपासून माहीत आहे. किडनी मी देणार आहे."